पुस्तक घरी नेण्याचा हक्क : सिंगापूरच्या ग्रंथालयाची कथा

ज्याच्या घरी धन आहे आणि ज्याचे पुण्यही सदैव टिकून आहे असा पुरुष कोण, असा प्रश्न तेहिल्लीमच्या ११२व्या अध्यायावरून आपल्या हाखामीमना पडला. तालमुदात त्याची दोन उत्तरे आहेत. एक असे की, जो तोरा शिकतो आणि शिकवितो तो. दुसरे असे की, जो तोरा, नबीईम व केथुबीम लिहून काढतो आणि दुसऱ्यास वाचावयास उसने देतो तो. पुस्तक दिले तरी ते आपलेच राहते आणि पुण्यही पदरी पडते, असा याचा भावार्थ. छापखाने नव्हते, एकेक पोथी हाताने लिहावी लागत होती, त्या काळातला हा विचार आहे. सार्वजनिक ग्रंथालयाचे तत्त्व याहून वेगळे नाही. सिंगापूरच्या ग्रंथालयाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

सिंगापूरचे मागेन आबोथ सिनेगॉग १८७८ साली वॉटर्लू स्ट्रीटवर उभे राहिले. तेथील यहुदी समाज मुख्यतः बगदादी. कित्येक घराणी कलकत्त्याहून व मुंबईहून व्यापारासाठी गेलेली. सिनेगॉगच्या आसपासच्या वस्तीला ते ‘महल्ला’ म्हणत. या महल्ल्यापासून थोड्याच अंतरावर स्टॅम्फर्ड रोडवर रॅफल्स ग्रंथालय होते. मुंबईत काळा घोडा येथे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग आणि डेव्हिड ससून लायब्ररी असे जवळजवळ आहेत, तसाच काहीसा हा प्रकार.

या ग्रंथालयाचे मूळ रॅफल्सने १८२३ साली स्थापन केलेल्या विद्यालयात आहे. पुढे शाळेच्या पुस्तकसंग्रहातून १८४५ साली ‘सिंगापूर लायब्ररी’ निघाली. ती भागधारकांची व वर्गणीदारांची होती. १८७४ साली ती सरकारने ताब्यात घेतली आणि ‘रॅफल्स लायब्ररी व म्युझियम’ असे नाव दिले. १८८७ साली स्टॅम्फर्ड रोडवर घुमटाची देखणी इमारत झाली. तेथे बसून वाचण्यास कोणासही मज्जाव नव्हता; परंतु पुस्तक घरी न्यावयाचे तर वर्गणी भरावी लागे. शिवाय पुस्तके बहुतेक इंग्रजी. बंदरावर राबणारा चिनी, मलायी किंवा तमिळ मजूर त्या कपाटांपुढे जाऊन काय निवडणार? दार उघडे होते, पण आतले भांडार थोड्यांचेच होते. १९२३ साली मुलांसाठी वेगळा विभाग निघाला, एवढी मात्र चांगली सुधारणा झाली.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपानच्या हाती गेले. त्याआधी तेथील अनेक यहुदी कुटुंबे बोटीने हिंदुस्थानात येऊन पोहोचली होती. जी मागे राहिली त्यांच्यापैकी अनेकांना पुढे बंदिवास भोगावा लागला. अशा धामधुमीत पुस्तकांची राखरांगोळी व्हावयाची. पण ग्रंथालय व म्युझियम वाचले. जपानी भूगर्भशास्त्रज्ञ प्रोफेसर तानाकादाते आणि इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ कॉर्नर यांनी, दोघे शत्रुराष्ट्रांचे असूनही, मिळून तो संग्रह सांभाळला. कॉर्नरवर त्याच्याच लोकांनी पुढे टीका केली. तथापि १९४५ च्या डिसेंबरात ग्रंथालय पुन्हा उघडले तेव्हा वाचकांना पुस्तके मिळाली, ही गोष्ट विसरता येत नाही.

खरा बदल १९५३ साली झाला. रबर व अननस यांच्या व्यापारात नाव कमावलेले ली काँग चियान यांनी नव्या ग्रंथालयासाठी ३,७५,००० डॉलर देऊ केले. अट अशी की, ग्रंथालय सर्वांना विनाशुल्क असावे आणि त्यात लोकांच्या स्वतःच्या भाषांतील पुस्तकांनाही स्थान मिळावे. नुसती इमारत बांधून वर नाव कोरणारे दाते पुष्कळ असतात. या गृहस्थाने आपल्या पैशाने गरिबाचा हक्क विकत घेऊन ठेवला. १९५७ साली त्यांच्याच हस्ते कोनशिला बसविण्यात आली आणि १२ नोव्हेंबर १९६० रोजी लाल विटांच्या त्या इमारतीचे उद्‌घाटन झाले. त्याच सुमारास मोटारीतून फिरते वाचनालयही सुरू झाले. १९७० साली क्वीन्सटाऊन येथे पहिली पूर्ण वेळ शाखा निघाली. कामगार वस्तीतील मुलगा चपला घालून चालत जाऊन पुस्तक बदलून आणू लागला.

पुस्तक निवडण्याचे शिक्षणही यातूनच होते. पैसे मोजून पुस्तक घेणारा माणूस ओळखीच्या लेखकापलीकडे सहसा जात नाही. फुकट नेता येते, आवडले नाही तर परत करता येते, तेव्हा अनोळखी पुस्तकाला हात घालण्याचे धाडस होते. ज्यांनी मुंबई-ठाण्याच्या वाचनालयांत अनामत भरून पुस्तके आणली, त्यांना हे सांगावयास नको.

असो. लाल विटांची ती इमारत वाहनांच्या बोगद्यासाठी पाडण्यात आली. लोकांनी विरोध केला, पण ३१ मार्च २००४ रोजी ती बंद झाली. २००५ साली व्हिक्टोरिया स्ट्रीटवर सोळा मजल्यांची नवी इमारत उघडली. ती मागेन आबोथपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिच्यातील संदर्भ ग्रंथालयास ली काँग चियान यांचेच नाव आहे. इंग्रजी, चिनी, मलायी व तमिळ या चार भाषांची पुस्तके सिंगापूरच्या ग्रंथालयांत प्रामुख्याने मिळतात. मराठी त्या चारांत नाही. राज्याची भाषा नसलेल्यांनी आपली पुस्तके आपणच सांभाळावी लागतात, हा अनुभव तेथील मराठी कुटुंबांचा आहे, तसाच लोद, अश्दोद, दिमोना येथे राहणाऱ्या आपलाही आहे.

आपल्या समाजाचे ग्रंथधन लहान असले तरी हलके नाही. मराठी भाषांतरासह हग्गादा मुंबईत १८४६ साली आणि पुण्यात १८७४ साली छापली गेली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. कीर्तनांची पुस्तके निघाली, मासिके निघाली, सिनेगॉगांच्या स्मरणिका निघाल्या. त्यांपैकी बऱ्याच गोष्टी आज कोणाच्या तरी पेटीत, माळ्यावर किंवा पलंगाखाली आहेत. देवाचे नाव असलेली जीर्ण पुस्तके आपण दफन करतो. बाकीची मराठी पुस्तके मात्र, नातवंडांना अक्षर लागत नाही म्हणून, रद्दीत जातात. घर रिकामे करण्याची वेळ येते तेव्हा ती निवडावयास कोणाला फुरसत नसते.

म्हणून वडीलधाऱ्यांना नम्र विनंती की, हे काम आपल्या हयातीतच करावे. पेटी उघडावी. प्रत्येक पुस्तकावर ते कोणाचे, कोठून आले, हे दोन ओळींत लिहावे. मग ते सिनेगॉगच्या कपाटात किंवा चांगल्या ग्रंथालयात द्यावे. मात्र ते वाचकाला मिळेल अशी अट घालावी. कुलूपबंद कपाट हे ग्रंथालय नव्हे. उसने देण्याने पुस्तक झिजते हे खरे, पण न दिल्याने ते मरते.