ते शांततेसाठी आले होते : बैरुतच्या मृतांची भिंत

२३ ऑक्टोबर १९८३, रविवार. बैरुतच्या विमानतळावरील चारमजली इमारतीत अमेरिकेचे बहुतेक मरीन सैनिक झोपेत होते. रविवारी उठण्याची वेळ साडेसहाची असे. ६ वाजून २२ मिनिटांनी स्फोटकांनी भरलेला एक पिवळा ट्रक काटेरी तारांचे कुंपण मोडून थेट इमारतीत शिरला. २४१ सैनिक मृत्युमुखी पडले. त्यांपैकी २२० मरीन होते. १९४५ च्या इवो जिमानंतर या दलाने एका दिवसात इतकी माणसे गमावली नव्हती. काही मिनिटांतच दुसऱ्या स्फोटात फ्रान्सचे ५८ छत्रीधारी सैनिक मारले गेले.

पहारेकऱ्यांच्या बंदुकीत गोळ्या भरलेल्या नव्हत्या. तो हलगर्जीपणा नव्हे, तसा हुकूमच होता. कारण हे सैन्य यादवीने पोळलेल्या लेबनॉनमध्ये शांतिरक्षक म्हणून उतरले होते. मात्र सप्टेंबरात अमेरिकी युद्धनौकांनी लेबनीज लष्कराच्या मदतीसाठी तोफा डागल्या आणि तटस्थता उरली ती कागदावर. पहाऱ्याचा नियम तेवढा शांतताकाळातलाच राहिला. चौकशी आयोगाने सुरक्षेतील त्रुटींवर बोट ठेवले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी जबाबदारी स्वतःवर घेतली. लष्करी खटला कोणावरही चालला नाही. फेब्रुवारी १९८४ मध्ये मरीन मायदेशी परतू लागले.

मृतांपैकी बहुतेकांची तुकडी नॉर्थ कॅरोलायनातील कॅम्प लेज्यून या तळावरून गेलेली होती. तळालगतचे जॅक्सनव्हिल हे सैनिकांच्याच आधाराने वाढलेले गाव. तिथल्या शेजाऱ्यांना ही नावे वर्तमानपत्रातून नव्हे, घराघरांतून कळली. गाव सुशोभित करण्यासाठी नेमलेल्या नागरिकांच्या समितीने रस्त्याच्या मध्यभागी प्रत्येक मृतामागे एक झाड लावायचे ठरवले आणि १९८४ च्या वसंतात लागवड सुरू झाली. स्मारकाची सुरुवात अशी झाडांपासून झाली, सरकारी ठरावातून नव्हे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

पुढे लोकवर्गणी जमली. २३ ऑक्टोबर १९८६ रोजी कॅम्प जॉन्सनच्या प्रवेशद्वारापाशी, झाडीत, स्मारकाचे लोकार्पण झाले. मोडक्या इमारतीची आठवण देणाऱ्या दोन भिंती. मधल्या मोकळ्या जागेत १९८८ मध्ये एकट्या मरीनचा पुतळा उभा राहिला. एका भिंतीवर नावे. त्यांत बैरुतच्या स्फोटानंतर दोनच दिवसांनी सुरू झालेल्या ग्रेनेडाच्या मोहिमेत पडलेलेही आहेत. दुसऱ्या भिंतीवर मोजके शब्द : ते शांततेसाठी आले होते.

या ओळीत कर्ता फक्त सैनिक आहे. त्यांना कोणी पाठवले, कोणत्या आज्ञेने त्यांच्या बंदुका रिकाम्या राहिल्या, याविषयी भिंत मौन पाळते. नातलगांना मात्र तीच ओळ महत्त्वाची वाटते, आणि ते स्वाभाविक आहे : त्यांची मुले लढाईत पडली नाहीत, झोपेत मारली गेली. इराणला जबाबदार ठरवणारा अमेरिकी न्यायालयाचा निकाल यायला २००३ साल उजाडले.

दरवर्षी त्याच तारखेला, पहाटेच्या अंधारात, मेणबत्त्या घेऊन माणसे तिथे जमतात आणि नावे एकेक करून वाचली जातात.