साठीनंतर गाडी चालवताना : वय नव्हे, तब्येत पाहा

“आता गाडी चालवणं बंद करा,” असं मुलं म्हणतील या भीतीने अनेक ज्येष्ठ आपला त्रास लपवतात. केवळ वय झालं म्हणून गाडी सोडायची गरज नसते. मात्र वयाच्या ५५ नंतर लायसन्स ५ वर्षांसाठी मिळतं आणि तेवढ्या काळात तब्येत बदलू शकते.

डोळे : मोतीबिंदूमुळे रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. काचबिंदूत बाजूची नजर नकळत कमी होते. दरवर्षी डोळे तपासून घ्या.

मधुमेह : इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेत असाल तर निघण्यापूर्वी साखर तपासा. ती ७० च्या खाली असल्यास गाडी चालवू नका. वाटेत घाम, थरथर किंवा गोंधळ जाणवल्यास गाडी बाजूला थांबवा, लगेच ग्लुकोज घ्या. साखर पूर्ववत झाल्यावरही पाऊण तास थांबा.

औषधे : झोपेच्या आणि सर्दी-खाजेच्या काही गोळ्यांनी सुस्ती येते. नवीन गोळी सुरू करताना डॉक्टरांना विचारा.

गाडी कधी थांबवावी? चक्कर येणे, ओळखीचा रस्ता चुकणे, ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जाणे, गाडीवर वारंवार ओरखडे दिसणे, यांपैकी काहीही घडल्यास तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नका.

कुटुंबीयांनो, किल्ली काढून घेण्याआधी त्यांना डॉक्टरांकडे न्या. अनेकदा कारण चष्म्याचा नंबर, मोतीबिंदू किंवा एखादी गोळी असते. त्यावर उपाय आहे.