नाव केंद्राचे, ओझे राज्याचे

आमच्या वस्तीत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला नुसते 'भारत सरकार' म्हणतात. या नावामागे इतिहास आहे. ऑक्टोबर १९४२ मध्ये बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. आमच्या उच्च शिक्षणाचा भार केंद्राच्या खजिन्याने उचलावा, ही त्यातली एक प्रमुख मागणी होती. १९४४ साली ही शिष्यवृत्ती सुरू झाली.

पुढे योजनांच्या हिशेबात 'बांधील दायित्व' हा शब्द आला. पंचवार्षिक योजनेच्या अखेरच्या वर्षी जो खर्च झाला, तेवढा पुढच्या योजनेत दरसाल राज्याने सोसायचा. त्यावरची वाढ तेवढी केंद्राने द्यायची. म्हणजे आमची पोरे जितकी जास्त शिकली, तितका पुढच्या योजनेत राज्यावरचा बोजा वाढला. बाराव्या योजनेची मुदत २०१७ मध्ये संपली. त्यानंतरची तीन वर्षे केंद्राचे साहाय्य वर्षाला सुमारे १,१०० कोटी रुपयेच राहिले. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने ही रीत मोडली आणि ६०:४० असे प्रमाण ठरवले.

माझ्या पदवीच्या वर्षी शिष्यवृत्ती आली नाही, म्हणून कॉलेजने गुणपत्रक अडवले. कारकून म्हणाला, "वरून आले नाही." वर म्हणजे मुंबई की दिल्ली, हे त्यालाही ठाऊक नव्हते. आज मी शिकवतो आणि विद्यार्थी मला तेच विचारतात.

बाबासाहेबांनी खजिन्यातला हक्काचा वाटा मागितला होता. दोन सरकारांनी आपसांत वाटणी काय ती करावी. गुणपत्रक मात्र आमच्या पोरांच्या हाती वेळेवर पडलेच पाहिजे.