ट्रेलरचा हँड ब्रेक : कधी ओढायचा, कधी हात लावायचा नाही?

जव्हार-मोखाडा : विक्रमगडहून जव्हार, मोखाडा करत त्र्यंबकेश्वरकडे जाणारा रस्ता म्हणजे चढ, उतार आणि वळणंच. तोरंगण घाटात तर भरलेल्या गाडीची परीक्षाच असते. वांगणीसारख्या गावात कामासाठी पोकलेन आणायचं म्हटलं तरी ते ट्रेलरवरच येतं. अशा गाडीत स्टिअरिंगजवळ किंवा डॅशबोर्डवर एक छोटी दांडी असते, तो ट्रेलरचा हँड ब्रेक. तो चुकीच्या वेळी ओढला तर मदत होण्याऐवजी घात होतो.

हा ब्रेक नेमका काय करतो?

पायाचा ब्रेक दाबला की पुढची गाडी आणि मागचा ट्रेलर, दोन्हींच्या चाकांना हवा जाते आणि सगळी चाकं मिळून गाडी थांबवतात. दांडी ओढली की फक्त ट्रेलरची चाकं धरली जातात. हा फरक लक्षात ठेवला की पुढचं सगळं सोपं आहे.

कधी वापरायचा?

1) ट्रेलर जोडल्यावर. दांडी ओढून ट्रेलर धरून ठेवा आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी हळूच पुढे ओढून बघा. ट्रेलर सुटला नाही म्हणजे पिन नीट बसली. तरी खाली उतरून लॉक डोळ्यांनी बघाच.

2) ब्रेक तपासताना. घाटाच्या आधी सपाट, मोकळ्या रस्त्यावर माणसाच्या चालीने गाडी चालवा आणि दांडी हलकेच ओढा. ट्रेलर मागे ओढतोय असं जाणवलं पाहिजे. नाही जाणवलं तर घाटात उतरू नका.

3) चढावर गाडी सुरू करताना. दांडी ओढून ट्रेलर धरा, क्लच सोडत इंजिनाने गाडी उचलली की दांडी सोडा. गाडी मागे घरंगळत नाही.

कधी वापरायचा नाही?

घाट उतरताना वेग कमी करायला : नाही. सगळा भार ट्रेलरच्या चाकांवर येतो. ड्रम तापून फुगतो, लायनर त्याला नीट पकडत नाही आणि ब्रेक लागेनासा होतो. वळणावर किंवा पावसात ट्रेलरची चाकं जाम झाली तर ट्रेलर बाजूला झाडूसारखा फिरतो आणि समोरून येणाऱ्या दुचाकीला जागाच उरत नाही.

ट्रेलर घसरायला लागल्यावर सरळ करायला : नाही. जाम चाकांमुळेच तो घसरतोय. अशा वेळी ब्रेक सोडा, चाकं फिरू लागली की रस्ता परत पकडतात.

गाडी उभी करायला : अजिबात नाही. दांडीचा ब्रेक हवेवर धरलेला असतो. हवा हळूहळू गळते. संध्याकाळी घट्ट उभी असलेली गाडी पहाटे उतारावरून सुटू शकते. उभी करताना पार्किंग ब्रेकच लावा, इंजिन बंद करून गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली लाकडी ठोकळे किंवा मोठे दगड लावा. ड्रायव्हरने गाडी सोडताना ती आपोआप हलणार नाही याची व्यवस्था करणं मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 126 नुसार बंधनकारक आहे.

मग घाट कसा उतरायचा?

उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका. चढायला जो गिअर लागतो, त्याच्या वरचा गिअर उतरताना नको. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर चालू ठेवा. पायाचा ब्रेक सतत घासत ठेवू नका. वेग वाढला की जोरात दाबा, वेग उतरला की सोडा. हवेचा काटा बघत राहा. बऱ्याच गाड्यांत पूर्ण हवा साधारण 7 ते 8 किलो असते. काटा लाल खुणेकडे गेला किंवा बझर वाजला तर लगेच सुरक्षित जागी थांबा. जळका वास आला तरी थांबा, पण तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, ड्रम तडकतो.

डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं तर जिवावरचा खेळ. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने उतारावर सुमारे 48 वाहनांना धडक दिली. आधी ब्रेक फेल झाल्याचं बोललं गेलं. तपासात मात्र चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्याचं पोलिसांनी सांगितलं. इंजिन बंद झालं की ते गाडीला रोखत नाही आणि कंप्रेसर नवी हवाही भरत नाही.

ट्रॅक्टरवाल्यांनो, तुम्हीही वाचा

आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतंत्र ब्रेकच नसतो. वीट, रेती किंवा पेंढा भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला ढकलते. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पॅडल एकत्र लॉक करा, खालच्या गिअरमध्ये उतरा आणि उतारावर क्लच दाबू नका.

मजुरांसाठी एक गोष्ट

माल उतरवायला गाडी उतारावर उभी असेल तर आधी चाकाखाली ठोकळा आहे का ते बघा. नसेल तर ड्रायव्हरला लावायला सांगा, लाजू नका. तोवर गाडीच्या मागे उभं राहू नका, सावलीसाठी खाली बसू नका. मुलांनाही लांब ठेवा.

अपघात झाला तर रुग्णवाहिकेसाठी 108 आणि पोलिसांसाठी 112 लावा.