पेटी लहान, हिशेब मोठा

अमेरिकेने महासंगणक नाकारला, तेव्हा पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली विकत मिळणारे ट्रान्सप्युटर जोडून ‘परम ८०००’ उभा केला. त्या कामाचे प्रमुख डॉ. विजय भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. आपले वाशीमही १९९८ पर्यंत त्याच जिल्ह्यात होते. सुट्या भागांचा मेळ बसवणे, हीच त्यातली खरी विद्या.

घरचा पहिला संगणक जुळवतानाही तेच. १९९५ च्या ‘एटीएक्स’ मदरबोर्डची लांबी ३०.५ सेंटिमीटर, २००१ मध्ये तैवानच्या व्हाया कंपनीने १७ बाय १७ सेंटिमीटरचे ‘मिनी-आयटीएक्स’ माप आणले. पेटी आटली आणि निवडीचा क्रम उलटला. मोठ्या पेटीत आधी प्रोसेसर ठरवला तरी चालते. लहान पेटीत आधी पेटी, मग तिच्यात मावणारा पंखा नि पॉवर सप्लाय आणि शेवटी त्या पंख्याला झेपेल तो प्रोसेसर.

त्यातून वाशीमचा मे महिना! खोलीतच चाळीस अंश असले, तर पंखा तीच हवा आत ओढणार. तापलेला प्रोसेसर स्वतःला जपायला वेग कमी करतो, म्हणजे जास्तीच्या वेगाला मोजलेले पैसे वाया. तेव्हा पहिल्या खेपेला कमी वीज खाणारा प्रोसेसर घ्यावा आणि वाचलेले पैसे चांगल्या पॉवर सप्लायवर घालावेत.