वर्षभरात संपूर्ण बायबल: एका वाचनक्रमाचा इतिहास

धर्मग्रंथ वर्षाच्या चक्रात बसवून क्रमाने वाचण्याची रीत यहुदी सभास्थानांत फार जुनी आहे. तोराचे चोपन्न भाग केलेले असतात आणि दर शब्बाथाला पुढचा भाग वाचला जातो. पूर्वी पॅलेस्टाइनमध्ये तोराचे वाचन पुरे व्हायला सुमारे तीन वर्षे लागत. बॅबिलोनियातील यहुदी मात्र ते वर्षात संपवीत आणि पुढे तीच पद्धत सर्वत्र रूढ झाली. शरद ऋतूतील सिम्हात तोराच्या सणाला ‘अनुवाद’ हे तोराचे शेवटचे पुस्तक संपते आणि त्याच बैठकीत ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाला आरंभ होतो. सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत उभारलेल्या बेने इस्राएल यहुद्यांच्या सभास्थानाची परंपराही याच वार्षिक वाचनाची.

ख्रिस्ती मठांत संत बेनेडिक्टच्या नियमानुसार आठवड्याला सारी स्तोत्रसंहिता म्हटली जाई. बायबलचे इतर ग्रंथही वर्षभरात वाचायचे असत. पण संतांचे सण वाढत गेले तसे हे पाठ आखडत गेले. ग्रंथ सुरू व्हायचा आणि अर्धवट सुटायचा. इंग्लंडमध्ये आर्चबिशप थॉमस क्रॅन्मरने १५४९ च्या सामान्य प्रार्थनापुस्तकाच्या प्रस्तावनेत हीच तक्रार नोंदवली आणि नवा क्रम लावून दिला: जुना करार काही भाग वगळून वर्षातून एकदा, नवा करार प्रकटीकरणाखेरीज तीनदा आणि स्तोत्रे दरमहा. सकाळ-संध्याकाळच्या उपासनेत हे सारे इंग्रजीत वाचले जाऊ लागले. निरक्षर शेतकऱ्याच्या कानावरही ग्रंथ सलग पडावा, ही त्यामागची तळमळ मोलाची होती.

एकोणिसाव्या शतकात बायबल स्वस्त झाले, घरोघर पोहोचले आणि वाचनक्रमही देवळातून घरात आला. त्यांतला सर्वांत टिकाऊ क्रम स्कॉटलंडमधील डंडी शहराच्या सेंट पीटर्स मंडळीचे तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकचेन यांचा. १८४२ च्या अखेरीस त्यांनी येत्या वर्षासाठी तो आपल्या मंडळीला दिला. बायबलचे ११८९ अध्याय. नवा करार आणि स्तोत्रे दोनदा धरली की ते १५९९ होतात. रोज चार वाचले तर वर्षात १४६० च बसतात, म्हणून लहान स्तोत्रे आणि काही अध्याय एकत्र जोडावे लागले. चारपैकी दोन वाचने कुटुंबाने एकत्र बसून करायची, दोन ज्याने त्याने एकांतात.

या मांडणीत खोल विचार आहे. १ जानेवारीला उत्पत्ती, मत्तय, एज्रा आणि प्रेषितांची कृत्ये यांचे पहिले अध्याय येतात: सृष्टीचा, ख्रिस्ताचा, बंदिवासातून परतलेल्या लोकांचा आणि मंडळीचा आरंभ एकाच दिवशी. सरळ पहिल्या पानापासून वाचत जाणारा माणूस जानेवारी संपता संपता लेवीय या पुस्तकातल्या यज्ञविधींपाशी येतो आणि पुष्कळदा तिथेच थांबतो. मॅकचेन यांच्या क्रमात एप्रिलमध्ये त्याच विधींच्या जोडीला स्तोत्रे असतात. रुक्ष वाटणाऱ्या नियमांशेजारी प्रार्थना उभी राहते.

फायदे सांगण्याआधी मॅकचेन यांनी धोके सांगितले, हे विशेष. वाचन निव्वळ उपचार होईल, पूर्ण केल्याचा अहंकार जडेल, घाईत लक्ष उडेल, कित्येकांना ते न पेलणारे ओझे वाटेल. तरीही त्यांना हा क्रम हवा होता, कारण घरातल्या मुलांशी आणि नोकरांशी बोलायला आईवडिलांना रोज विषय मिळणार होता. आपली माणसे आज ग्रंथात कुठे आहेत, हे पाळकाला कळणार होते. आणि सारी मंडळी एकच अध्याय वाचते आहे या जाणिवेने परस्परांतले प्रेम वाढणार होते. एकट्या वाचकाने स्वतःसाठी केलेल्या संकल्पाहून ही कल्पना कितीतरी मोठी आहे.

पहिले वर्ष पुरे झालेले मॅकचेन यांना पाहता आले नाही. २५ मार्च १८४३ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, टायफसने त्यांचा मृत्यू झाला. मित्र अँड्र्यू बोनार यांनी १८४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्राने त्यांचे नाव दूरवर नेले. बायबलचे अभ्यासक डी. ए. कार्सन यांनी १९९८ मध्ये दैनंदिन चिंतनांचे पुस्तक याच क्रमावर बेतले. ज्यांना चार अध्याय जड जातात ते रोज दोनच वाचून हा क्रम दोन वर्षांत पुरा करतात.