यूकॅसचा अर्ज : इयर थर्टीनच्या पालकांसाठी



सप्टेंबर उजाडला की मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत हमखास एकच प्रश्न कानावर येतो, "तुमचीचं यूकॅस भरून झालं का?" मग ज्याने त्याने ऐकलेली माहिती सांगायला सुरुवात होते आणि त्यातली निम्मी जुनी किंवा चुकीची असते. ज्यांची मुले गेल्या काही वर्षांत या चक्रातून बाहेर पडली असे आम्ही काही पालक एकत्र बसलो आणि सगळे लिहून काढले. आमच्या चुकाही त्यात आहेत.

आधी थोडा इतिहास. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये एकच विद्यार्थी चार-पाच विद्यापीठांना वेगवेगळे अर्ज करी आणि नक्की कोण येणार याचा कुणालाच पत्ता नसे. त्यावर उपाय म्हणून १९६१ साली विद्यापीठांनी एक मध्यवर्ती संस्था काढली. पॉलिटेक्निकची व्यवस्था वेगळी होती. १९९२ साली पॉलिटेक्निकना विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि त्याच सुमारास दोन्ही व्यवस्था एकत्र होऊन आजची यूकॅस झाली. तिचे कार्यालय चेल्टनहॅमला आहे.

आपल्यापैकी बरेच जण महाराष्ट्रातल्या कॅप राउंडच्या संस्कारात वाढलेले, त्यामुळे एक गैरसमज घट्ट बसलेला असतो. तिकडे सीईटीचे गुण आणि पसंतीक्रम भरला की यादी लागते आणि जागा मिळते. यूकॅस जागा देत नाही. ती अर्ज पोचवते आणि उत्तर आणून देते, पोस्टमनसारखी. निर्णय प्रत्येक विद्यापीठाचा. अर्जात पसंतीक्रमही नसतो आणि तुम्ही उत्तरे देईपर्यंत एका विद्यापीठाला तुमच्या बाकीच्या निवडी दिसत नाहीत. तेव्हा "त्यांना राग येईल" म्हणून एखादे नाव गाळू नका! (डब्लिनहून इकडे आलेल्या कुटुंबांसाठी : आयर्लंडची सीएओ मात्र गुण आणि पसंतीक्रमावर चालते, ती आपल्या कॅपच्या जवळची.)

निवडी पाच. मेडिसिन, डेंटिस्ट्री आणि व्हेटर्नरीला जास्तीत जास्त चार, पाचवी जागा बायोमेडिकलसारख्या दुसऱ्या विषयाला वापरता येते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे एकाच वर्षी अर्ज करता येत नाही. २०२६ च्या प्रवेशासाठी अर्जाची फी २८ पौंड ९५ पेन्स होती.

ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक मेडिसिन, डेंटिस्ट्री, व्हेटर्नरीच्या अर्जांची मुदत १५ ऑक्टोबर, संध्याकाळी सहा. बाकी बहुतेक अभ्यासक्रमांची जानेवारीत असते. २०२६ च्या प्रवेशासाठी १४ जानेवारी २०२६ ही तारीख होती. पण या यूकॅसच्या तारखा झाल्या. शाळेला शिफारसपत्र लिहायचे असते, म्हणून शाळा स्वतःची मुदत बरीच आधीची ठेवते आणि खरी धरायची ती तीच. मेडिसिनवाल्यांची तर यूकॅट परीक्षा जुलै ते सप्टेंबरमध्ये होऊन जाते, म्हणजे त्यांची तयारी इयर ट्वेल्व्हच्या उन्हाळ्यात सुरू व्हायला हवी. बीमॅट २०२३ नंतर बंद झाली आहे. मोठ्या भावाची जुनी पुस्तके आता माळ्यावर टाका.

पर्सनल स्टेटमेंटचे स्वरूप २०२६ च्या प्रवेशापासून बदलले. पूर्वी एकसलग निबंध असे, आता तीन प्रश्न असतात : हा विषय का, आतापर्यंतच्या अभ्यासाने तुमची काय तयारी झाली आणि शाळेबाहेर काय केले व त्याचा उपयोग काय. प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचे आणि तिन्ही मिळून रिकाम्या जागांसह ४,००० अक्षरांच्या आत. आपल्या मुलांकडे तिसऱ्या प्रश्नासाठी खूप काही असते. शनिवारच्या मराठी शाळेत लहान मुलांना शिकवणे, तबल्याच्या परीक्षा, गणेशोत्सवात रंगमंचामागची धावपळ. मात्र नुसती यादी नको. सहा वर्षांच्या मुलाला बाराखडी शिकवताना काय जमले नाही आणि मग काय बदलले, हे दोन वाक्यांत लिहिले तर वाचणाऱ्याला मूल दिसते.

उसने वाक्य घेऊ नका, पालकांचेसुद्धा. यूकॅस सगळी स्टेटमेंट संगणकावर ताडून पाहते. २००७ साली तिने मोठ्या संख्येने अर्ज तपासले तेव्हा आठव्या वर्षी रसायनांचे प्रयोग करताना पायजम्याला भोक पाडल्याची हकीकत तब्बल २३४ जणांनी लिहिलेली आढळली! आता मजकूर स्वतःचा असल्याचे जाहीर करावे लागते आणि एआयकडून लिहून घेऊन आपला म्हणून देणे त्यात बसत नाही. आमच्यापैकी एका बाबांनी मुलाचे स्टेटमेंट रात्री बसून "सुधारले" होते. शाळेतल्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी विचारले, हे चाळिशीतल्या माणसाने लिहिले आहे का?

फी : होम की ओव्हरसीज

मंडळात यावर फार कमी बोलले जाते आणि घरांना सर्वांत मोठा धक्का इथेच बसतो.

इंग्लंडमध्ये २०२५-२६ ला होम विद्यार्थ्याची वार्षिक फी जास्तीत जास्त ९,५३५ पौंड होती आणि तिला सरकारी कर्ज मिळू शकते. ओव्हरसीज ठरलात तर अनेक अभ्यासक्रमांना दुपटीहून जास्त, मेडिसिनला चौपट किंवा त्याहूनही अधिक, आणि ते कर्ज नाही. मेडिसिनला ओव्हरसीज विद्यार्थ्यांच्या जागाही मोजक्याच असतात.

इंग्लंडमधला मुख्य नियम असा. अभ्यासक्रमाच्या पहिल्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे शरदात सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमाला १ सप्टेंबर रोजी, विद्यार्थ्याकडे ब्रिटिश नागरिकत्व किंवा आयएलआरसारखा कायम राहण्याचा हक्क हवा. शिवाय त्याआधीची तीन वर्षे त्याचे नेहमीचे वास्तव्य इथे हवे आणि ते मुख्यतः शिक्षणासाठी नसावे. दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात.

स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्या कुटुंबाचे मूल इथल्या सरकारी शाळेत शिकले, जीसीएसईला उत्तम गुण मिळवले, तरी त्या तारखेला आयएलआर हातात नसेल तर ते सहसा ओव्हरसीज धरले जाते. शाळा हे सांगत नाही, कारण तिला तुमचा व्हिसा ठाऊक नसतो. एक दुसरी वाट आहे. १८ वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याने आयुष्याची निम्मी वर्षे किंवा सलग २० वर्षे इथे काढली असतील, तर आयएलआर नसतानाही तीन वर्षांच्या कायदेशीर वास्तव्याच्या अटीवर तो होम धरला जाऊ शकतो. इंग्लंडच्या शाळांतली मुले १ सप्टेंबरपर्यंत १८ ची झालेलीच असतात. म्हणजे हिशेब सोपा : साधारण नवव्या वर्षाआधी आलेले मूल यात बसू शकते, अकराव्या वर्षी आलेले बसत नाही. एकाच घरातली धाकटी होम आणि थोरला ओव्हरसीज, असे होऊ शकते.

उलटी गोष्टही पाहिली. आमच्या ओळखीचे एक कुटुंब ब्रिटिश पासपोर्ट घेऊन चार वर्षे पुण्याला परतले आणि मुलाच्या ए-लेव्हलसाठी पुन्हा आले. पासपोर्ट आहे म्हणून निर्धास्त होते. पहिल्याच विद्यापीठाने ओव्हरसीज म्हणून कळवले, कारण तीन वर्षे भरत नव्हती. आईवडील नोकरीनिमित्त तात्पुरते बाहेर होते असे सिद्ध झाले तर तो काळ धरला जातो, पण कंपनीचे पत्र, करार, इथल्या घराची कागदपत्रे असा पुरावा लागतो. त्यांनी घर विकले होते. परत जाण्याच्या विचारात असलेल्यांनी हे आजच फाइल करून ठेवावे.

स्टेटस यूकॅस ठरवत नाही, प्रत्येक विद्यापीठ ठरवते. शंका असली की ते प्रश्नावली पाठवते, ती नीट आणि पुराव्यासह भरा. अर्ज करण्याआधीच लेखी विचारलेले उत्तम. यूकेसीआयएसए या संस्थेच्या पानांवर सगळे प्रकार सविस्तर दिलेले आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम व फी वेगळी आहे, तेव्हा ग्लासगोच्या मावशीचा सल्ला लेस्टरला लावू नका.

उत्तरे आल्यावर

ऑफर बहुधा सशर्त असते, म्हणजे अमुक ग्रेड मिळाल्या तर जागा. सगळी उत्तरे आली की एक फर्म आणि एक इन्शुरन्स ठेवून बाकीच्या सोडाव्या लागतात. मुदतीत उत्तर दिले नाही तर ऑफर आपोआप नाकारली जाते. ही तारीख मुलाच्या यूकॅस हबमध्ये दिसते, तुमच्या ईमेलमध्ये नाही.

आमच्यापैकी एका घरात फर्मची अट तीन ए आणि इन्शुरन्सचीही तीन ए. दुसरे विद्यापीठही नामांकित, सोडवेना. कमी ग्रेडची एक चांगली ऑफर त्यासाठी नाकारली. ऑगस्टमध्ये मुलीला दोन ए आणि एक बी मिळाले. (कधीकधी विद्यापीठ थोडक्यात हुकलेल्यालाही घेते, त्यावर्षी दोघांनीही घेतले नाही.) सकाळी आठच्या सुमारास ती क्लिअरिंगमध्ये होती. बाबांनी तत्परतेने फोन लावला. पलीकडून नम्रपणे सांगण्यात आले की आम्हाला विद्यार्थिनीशीच बोलायचे आहे. रडून घसा बसलेला, तरी तिने स्वयंपाकघरात उभ्याने तीन फोन केले. त्या सोडलेल्या ऑफरच्या विद्यापीठात जागा उरली होती. अकरा वाजता तोंडी होकार मिळाला, मग तिने ते विद्यापीठ यूकॅसवर क्लिअरिंग निवड म्हणून भरले.

इन्शुरन्सची अट फर्मपेक्षा कमी असायला हवी आणि तिथे जायची मुलाची खरोखर तयारी हवी. मुलाच्या वतीने तुम्हाला यूकॅसशी बोलायचे असेल तर अर्जात "नॉमिनेटेड अ‍ॅक्सेस" मध्ये तुमचे नाव आधीच भरलेले हवे.

क्लिअरिंग जुलैच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरपर्यंत चालते आणि त्यात काही कमीपणा नाही. ३० जूननंतर आलेले अर्ज तर थेट तिथेच जातात.

आता भारताच्या तिकिटांविषयी. ए-लेव्हलचा निकाल ऑगस्टच्या मध्यावर गुरुवारी लागतो, नेमका आपल्या भारतवारीच्या दिवसांत. इथे सकाळचे आठ म्हणजे तिथे दुपारचे साडेबारा, घरात पाहुणे, वायफाय रुसलेले आणि परदेशातून लावलेला फोन विद्यापीठाच्या रांगेत लटकलेला. त्या आठवड्यात मुलाला इथेच असू द्या. आजीआजोबांना आधी समजावून सांगा, ते ऐकतात. स्टुडंट फायनान्सचा वेगळा अर्ज मात्र वसंतातच करून टाका, जागा पक्की होण्याची वाट पाहायची गरज नाही.

कुणाचे अडले तर कोजागिरीच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलापाशी आम्ही असू. येताना मुलाला बरोबर आणा, आणि फीचा प्रश्न असेल तर पासपोर्ट व व्हिसाच्या तारखा कागदावर लिहून आणा.